वाफसा

शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या काही शब्दांना पुस्तकी मराठीत पर्याय सापडत नाही. ‘वाफसा’ हा त्यांपैकी एक. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलाची राहिलेली नसते आणि दगडासारखी कठीणही झालेली नसते. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो, पण तो खाली टाकताच फुटून मोकळा होतो. मातीच्या पोटात ओलही असते आणि हवाही असते. या मधल्या अवस्थेला वाफसा म्हणतात. काळ्या जमिनीत ही अवस्था फार थोडे दिवस टिकते. ती साधली तर कुळव सुखाने चालतो, हुकली तर वर्षभर ढेकळांशी झुंजावे लागते.

हा शब्द मला वयाच्या पन्नाशीत शिकावा लागला आणि तोही शेतात नव्हे, घरापुढच्या हिरवळीच्या एका तुकड्यावर. विषय क्षुल्लक वाटेल. जगात एवढे प्रश्न असताना धर्मगुरूने अंगणातल्या गवतावर लिहावे काय, असेही कुणी विचारील. परंतु त्या तुकड्याने मला एका प्रश्नापुढे उभे केले आणि तो प्रश्न काही क्षुल्लक नाही. एखादी गोष्ट ‘सुधारणे’ म्हणजे नेमके काय करणे? आणि जे निकृष्ट आहे असे आपण ठरवतो, त्याच्याशी वागण्याचा आपला अधिकार कोठवर जातो?

माझे बालपण वसईच्या वाडीत गेले. केळीच्या बागा, पानवेली आणि विहिरीच्या पाटाशेजारची भुसभुशीत, पायाला मऊ लागणारी माती हेच माझे मातीविषयीचे सारे ज्ञान. पुढे अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात माझी नेमणूक झाली. तेथे निवासस्थानाचे बांधकाम नुकतेच पुरे झाले होते आणि पुढे सुमारे हजार चौरस फुटांची जागा मोकळी होती. लोकांना बसण्यासाठी, मुलांना खेळण्यासाठी तेथे हिरवळ असावी अशी सर्वांचीच इच्छा होती. पण जमीन पाहिली आणि माझे मन खट्टू झाले. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडत. पहिल्या पावसात चपलेला शेरभर चिखल चिकटे. “ही माती वाईट आहे,” असा निकाल मी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला.

निकाल दिल्यावर शिक्षाही ठरली. वाईट मातीवर चांगली माती पसरायची. चार इंचांच्या थरासाठी साधारण साडेतीन ब्रास तांबडी माती लागेल असा हिशोब झाला. ती आली, पसरली, दाबली गेली आणि तिच्यावर तयार हिरवळीच्या चटया अंथरल्या गेल्या. आठ दिवसांत अंगण एखाद्या चित्रासारखे दिसू लागले. लोकांनी कौतुक केले आणि मीही ते संकोच न बाळगता स्वीकारले.

जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा त्या चित्राचा रंग उडाला. तांबड्या थरातून पाणी झरझर खाली उतरे, खालच्या घट्ट काळ्या थरापाशी अडे आणि तेथेच साचून राही. मी चार इंच खोलीची एक परात तयार करून ठेवली होती. गवताच्या मुळ्या त्या परातीत सडल्या. खालच्या मातीत त्या शिरल्याच नव्हत्या, कारण शिरावे असे तेथे काही नव्हते. पुढच्या मार्चमध्ये खालची जमीन फाटली, तिच्याबरोबर वरचा थरही फाटला आणि विकत आणलेली माती भेगांतून निमूट खाली ओघळू लागली. जिला मी झाकून टाकले होते ती आपल्या स्वभावाने पुन्हा वर आली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’ या ग्रंथातील एक दाखला ऐकला होता. तो मूळचा अँटिफॉनचा. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि कुजता कुजता त्याला अंकुर फुटला, तर उगवेल ते झाड असेल. पलंगातून पलंग उगवणार नाही. लाकडाला त्याची वाढ आतून मिळालेली असते, पलंगाचा आकार मात्र सुताराने बाहेरून दिलेला असतो. परीक्षेत हा भेद मी बिनचूक लिहिला होता. अंगणात मात्र पलंग पुरून तो उगवण्याची वाट पाहत बसलो होतो.

येथवरची चूक अज्ञानाची होती. पुढचा भाग अधिक अवघड आहे. आजारी माणसाला भेटण्यासाठी तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात जाण्याचा प्रसंग आला. रस्त्याकडेला एका टेकडीचा उतार खरवडून काढलेला दिसला. वरची माती गेली होती आणि पांढरट मुरूम उघडा पडला होता. माझ्या बरोबरचा तरुण सहज म्हणाला, “फादर, आपल्या अंगणातली माती इथलीच.” उतारावर एक बाई चार शेळ्या घेऊन उभी होती. शेळ्या कडेच्या काट्याकुट्यांत तोंड घालत होत्या, कारण मधल्या भागात चरण्यासारखे काही उरले नव्हते. त्या बाईने माझ्याकडे तक्रार केली नाही. ती मला ओळखतही नव्हती. पण डेक्कनच्या खडकावर वीतभर माती तयार होण्यास हजारो वर्षे लागतात. ती मी आठ दिवसांच्या कौतुकासाठी उचलून आणली होती आणि वर्षभरात वाया घालवली होती.

एका ठिकाणची सुधारणा दुसऱ्या ठिकाणच्या नुकसानीवर उभी असेल तर तिला सुधारणा म्हणावे काय? कुणी म्हणेल, माती इकडची तिकडे नेणे हे शेतीत सर्रास चालते. ते खरे आहे आणि त्यात भेद केला पाहिजे. तलावात साचलेला गाळ काढून मुरमाड शेतात टाकतात तेव्हा तलावही मोकळा होतो आणि शेतही सुधारते; तो गाळ त्याच पाणलोटातून वाहून गेलेला असतो, म्हणून ते एक प्रकारे घरी परत आणणेच होय. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आखली तिच्यामागे हाच विचार होता. माझ्या तांबड्या मातीची गोष्ट तशी नव्हती. टेकडीला ती माती जादा झालेली नव्हती. आपण पैसे मोजतो म्हणून हिशोब पुरा झाला असे समजतो. पण ज्याचे नुकसान होते तो बहुधा पैसे घेणारा नसतो.

आता उरले दोनच मार्ग. हिरवळीचा नाद सोडावा, नाहीतर पायाखालची माती समजून घ्यावी. मी दुसरा मार्ग धरला आणि जे पहिल्या आठवड्यात करावयास हवे होते ते दुसऱ्या वर्षी केले. माती तपासून घेतली.

अहवाल वाचून मी थक्क झालो. सामू ८च्या थोडा वर, क्षारांचे प्रमाण साधारण, चुनखडी बऱ्यापैकी, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी. चिकणमातीचे कण निम्म्याहून अधिक. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. आपल्याकडील काळ्या मातीत ज्या जातीचे कण असतात, ते पत्र्यांवर पत्रे रचावेत तसे घडलेले असतात. पाणी त्या पत्र्यांच्या मध्ये शिरते म्हणून माती फुगते, पाणी गेले की आकसून फाटते. अशा एका ग्रॅम कणांचा सारा पृष्ठभाग उलगडून मोजला तर तो सातशे चौरस मीटरच्या घरात जातो. त्या पृष्ठभागावर चुना, पालाश, मॅग्नेशियम धरून ठेवलेले असते. म्हणजे मी जिला दरिद्री समजत होतो ती माती चांगली सधन होती. तिचे धन मुळांना पोहोचत नव्हते, एवढेच. कारण दोन कणांमध्ये हवेला वाट नव्हती.

आणि ही वाट कुणी बुजवली होती? या बाबतीतही दोष मातीकडे जात नव्हता. घराचा पाया खणताना खालची निर्जीव माती वर आली आणि तीच अंगणात पसरली गेली. भर पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून खडीचे ट्रक आणि काँक्रीटचे मिक्सर गेले. सिमेंटचे पाणी तेथेच ओतले, विटांचे तुकडे तेथेच गाडले. ओली चिकणमाती दाबली गेली की तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि सहजासहजी पुन्हा उघडत नाहीत. ज्या जखमा आपण केल्या त्यांनाच आपण तिचा स्वभाव म्हणत होतो. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे केवळ माती नाही. शाळेच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या कितीतरी मुलांविषयी, दारूने खचलेल्या कितीतरी पुरुषांविषयी मी असाच पहिल्या आठवड्यात निकाल दिलेला आहे. त्यांच्यावरून कोणते ट्रक गेले होते हे विचारावयास मी थांबलो नव्हतो.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एकाने वाळू मिसळावयास सांगितले. हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि थोड्या प्रमाणात तो घातक ठरतो. चिकणमातीचा पोत खरोखर बदलायचा तर अर्ध्याहून अधिक वाळूच घालावी लागते. चार घमेली घातली तर चिकणमाती वाळूच्या कणांभोवती घट्ट बसते आणि उन्हाळ्यात जवळजवळ वीट तयार होते. शिवाय ती वाळू तरी कुठून यायची? प्रवरेच्या किंवा गोदावरीच्या पात्रातूनच. टेकडी सोडून नदी खरवडायची, एवढाच फरक. दुसऱ्याने जिप्सम सुचवले. जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध आहे. सोडियम वाढून जी माती बिघडते तिला ते सुधारते. आमच्या मातीला तो आजार नव्हता. एकाचे औषध दुसऱ्याला देणे ही दया नव्हे, निष्काळजीपणा होय.

शेवटी हाती उरला तो सर्वांत जुना मार्ग: कुजलेला पालापाचोळा, शेण आणि वेळ. या मार्गाला शास्त्राची बैठक मिळाली ती काळ्या मातीतच. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करीत होते. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र यांचे थर देऊन, ठराविक काळाने ते तीन वेळा उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत त्यांनी बसवली आणि १९३१ साली त्या दोघांच्या नावे ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. आमच्या परसातील खड्डा हा तिचाच एक छोटा, ओबडधोबड वारस.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि मी उत्साहाने टिकाव घेऊन अंगणात उतरलो. शेजारच्या वस्तीवरचे आबा कुंपणापाशी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर काळी जमीन कसलेले. ते म्हणाले, “फादर, आज नका हात लावू तिला. वाफसा यायचाय अजून.”

मी विचारले, “आबा, माती ओली आहे, मऊ आहे. आताच खणणे सोपे नाही का?”

“तुम्हाला सोपं हाय, तिला नाही. आत्ता खणाल तर थापी मारल्यागत होईल, अन् सुकली म्हंजे पहार बी घुसायची नाही. दोन दिस उघडीप पडू द्या. मंग तीच सांगंल.”

दोन दिवसांनी आबांनी मूठभर माती दाबली, गोळा खाली टाकला, तो फुटला. त्यांनी मान डोलावली. आम्ही उरलेला तांबडा थर काळ्या मातीत मिसळून टाकला, म्हणजे दोन थरांमधली भिंत गेली. वीतभर अंतरावर पहारीने खोल भोके पाडून त्यांत कंपोस्ट भरले. आणि हिरवळीच्या जागी ताग पेरला. फादरांनी अंगणात ताग पेरला याचे गावाला बरेच हसू आले. दीड महिन्यात ताग छातीएवढा झाला. फुलावर येताच तो कापून मातीत गाडला. सप्टेंबरअखेर, पुन्हा वाफसा पाहून, हरळीचे तुकडे टोचले.

हरळीची गंमत अशी की, शेतात ती शेतकऱ्याची वैरीण. तिची काशी खणून काढता काढता पिढ्या थकल्या. पूजेच्या तबकात तीच दूर्वा होते आणि अंगणात तीच हिरवळ. एकच गवत जागा बदलली की निंद्य किंवा वंद्य ठरते. या मातीत, या उन्हात टिकणारी तीच आहे हे आबांना ठाऊक होते. मी मात्र पहिल्या वर्षी दूरची नाजूक जात विकत आणली होती.

नंतरची कामे नीरस होती आणि ती सांगण्यात अर्थ आहे तो एवढाच की, ती दर वर्षी करावी लागली. वर्षातून दोनदा चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर. गवत दोन इंचांहून आखूड न कापणे आणि कापलेले गवत तेथेच पडू देणे. पाणी रोज शिंपडण्याऐवजी क्वचित पण खोलवर देणे. आणि जमीन ओली असताना तिच्यावर पाय न ठेवणे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य लवकर जळून जाते. म्हणून ‘एकदा सुधारली, आता काम झाले’ असे कधीच होत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या गवतात दिसू लागल्या तेव्हा मी आबांना हाक मारून त्या दाखवल्या. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी त्यांच्या पोटातून जाते असा हिशोब मांडला. हे खरे कामकरी. आम्ही त्यांना अन्न दिले आणि त्यांच्या वाटेतून दूर झालो.

एक प्रश्न मात्र मला अखेरपर्यंत टोचत राहिला. या मुलखात हिरवळ असावीच काय? १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून आमच्यात आहेत. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. टँकरपुढे घागरींची रांग असताना गवतावर पाणी सोडणे हे पाप आहे, असे म्हणण्यास मी कचरणार नाही. म्हणून आम्ही हिरवळ निम्मी केली. उरलेल्या जागेत कडुनिंब, करंज आणि सावलीचा ओटा केला. मार्चनंतर हिरवळीला पाणी द्यायचे नाही असे ठरले. एप्रिल-मेमध्ये ती तपकिरी होते आणि पाहुणे हळहळतात. हरळी मरत नाही, जमिनीखाली दम धरून असते. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत परत येते. बारमाही हिरवेपणाचा हट्ट हाही मातीवर बाहेरून लादलेला पलंगाचाच आकार, हे मला उशिरा कळले.

या साऱ्यातून सुधारणेविषयी मी काय शिकलो? पहिले असे की, जे सुधारायचे ते आधी ओळखावे लागते, आणि ओळखीच्या आधी दिलेला निकाल बहुधा आपल्या सोयीचा असतो. ‘वाईट’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘मला हवे तसे नसलेले’ एवढाच असतो. दुसरे असे की, बदलून टाकणे आणि सुधारणे यांत अंतर आहे. बदलीत जुन्याला काढून नवे आणतात, त्याची किंमत दुसरीकडे कुणीतरी मोजतो. तिसरे वाफशाचे. योग्य गोष्टही अवेळी केली तर इजा करते. घरातला मुलगा रागाने चिंब असताना केलेला उपदेश आणि त्याचे मन वाळून कडक झाल्यावर केलेला उपदेश, दोन्ही सारखेच वाया जातात. मधले दोन दिवस ओळखता आले पाहिजेत, आणि ते ओळखायचे तर माणसाजवळ राहावे लागते.

परंतु धीर या गुणाची एक खोटी आवृत्तीही असते, तिच्यापासून सावध राहावे. ‘हळूहळू होईल’ असे म्हणून हात बांधून बसणारा धीरवान नसतो. शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आपण जाणतो. माळी धन्याकडे आणखी एक वर्ष मागतो, पण ते नुसते वाट पाहण्यासाठी मागत नाही; भोवताली खणून खत घालण्याचे वचन देऊन मागतो. मुदतही तो स्वतःच मान्य करतो. वाफशाची वाट पाहणाऱ्या आबांच्या हाताशी टिकाव धार लावून तयार होता.

सहा वर्षांनंतर, गेल्या मे महिन्यात, माझी बदली झाली. निघण्याच्या दिवशी हिरवळ तपकिरी होती. तिची उत्तम अवस्था मला निरोपाला पाहावयास मिळाली नाही. जुन्या अहवालाशेजारी ठेवलेल्या नव्या अहवालात सेंद्रिय कर्ब थोडा वाढलेला होता, फार नाही. माझ्यानंतर येणाऱ्यांना हिरवळ आवडेल, किंवा ते तेथे फरशी बसवतील. तो त्यांचा अधिकार आहे. टेकडीचे कर्ज माझ्याकडून फिटले नाही, तेही मी बरोबर घेऊन निघालो.

गाडीत बसताना आबा आले. निरोपाचे काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी हरळीच्या कडेची चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरडली आणि म्हणाले, “फुटतीय आता.”

नव्या ठिकाणीही घरापुढे थोडी जमीन आहे. ती चांगली की वाईट, हे मी अजून कुणाला सांगितलेले नाही.